शेजारचा उंबरा

महाडच्या डॉक्टरने विचारलं, "बाबा, असं आधी कधी झालं होतं का? तरुणपणी, लहानपणी?" मी तोंड उघडायच्या आत सून म्हणाली, "नाही हो डॉक्टर, बाबा पहिल्यापासून खंबीर. आई गेल्या तेव्हापासूनच हे." डॉक्टरने लिहून घेतलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो. सुनेची चूक नाही, तिला कोण सांगणार. जिला सांगितलं होतं ती गेली. आमची ही गेली त्याला अजून वर्ष झालेलं नाही, आणि ती गेल्यापासून माझ्या सोळाव्या-सतराव्या वर्षातला जो पावसाळा मी तिच्यापाशी ठेवला होता तो परत माझ्या अंगावर आलाय. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी. जसं बोलतो तसं लिहितो. कोणाला नको असेल त्याने वाचू नये.

आमची वाडी कापडे गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत. आता तिथे सडक गेलीय, तेव्हा पायवाट होती आणि पावसात तीही नसायची. घराच्या भिंती कुडाच्या, शेणाने सारवलेल्या, वर पेंढा. पावसाळ्यात धूर बाहेर जायला मागत नसे, तो घरातच फिरायचा, आमच्यासारखाच. गोठा आणि माजघर यांच्यामध्ये एक आडवं लाकूड, बस. झोपलं की बैलाचा श्वास कानात. तो मेढीच्या खांबाला शिंग घासायचा तो आवाज, बाहेर ओढ्याचा आवाज आणि पेंढ्यातून गळणाऱ्या पाण्याखाली आयने ठेवलेल्या टोपाचा आवाज, ह्या आवाजांत मी मोठा झालो. बा माणसांशी कमी आणि बैलांशी जास्त बोलायचा. बैलांना तो दिवसभराचं सगळं सांगायचा, आम्हाला फक्त काम सांगायचा. आय नाचणीची भाकरी थापायची, कुळथाची पिठी करायची, आणि ज्या दिवशी सुकट भाजायची त्या दिवशी वाडीतली मांजरं आमच्या दारात. अंगण आमचं एकट्याचं नव्हतं. समोरच जनाकाकीचं घर, दोघांचं अंगण एक. नात्याने लांबची, पण काकीच. काका मुंबईला गिरणीत होता, वर्षातून एकदा शिमग्याला यायचा. सकाळी ज्या घरची चूल आधी पेटेल तिथून दुसऱ्या घरी विस्तव जायचा. आय करवंटीत निखारा घेऊन यायची, नायतर जनाकाकी न्यायची. काड्यापेटी होती की घरात. पण विस्तव शेजारून आणायचा ही रीत होती, आणि विस्तव आणायला गेलेली बाई बोलत बसायची तीही रीतच होती.

भिवा जनाकाकीचा मुलगा, माझ्याच वयाचा. त्याच्याविषयी लिहिताना मला जपून लिहावं लागतं, कारण तो पण आता नाही आणि मेलेल्या माणसाला उगाच चांगलं करायची सवय असते लोकांना. भिवा चांगला नव्हता. खोटं बोलायचा, दुसऱ्याच्या फणसावर चढायचा, आणि त्याच्या तोंडाला कुंपण नव्हतं. गुरांमागे आम्ही दोघं असायचो तेव्हा बोलायचा तो आणि ऐकायचो मी.

त्या साली भाताची लावणी संपली आणि मला काहीतरी झालं. काय झालं ते मला तेव्हा सांगता आलं नाही, आताही नीट येत नाही. कोणी मेलं नव्हतं, कोणी मारलं नव्हतं. भाकरी तोंडात घातली की मातीचा गोळा. सकाळी उठून बसायचो आणि पुढे काय करायचं ते आठवायचं नाही. म्हणजे आठवायचं, तोंड धुवायचं, गुरं सोडायची, पण त्यातलं एकेक काम डोंगराएवढं दिसायचं. माणसं बोलायची ती भिंतीपलीकडून बोलल्यासारखी. मी ओ द्यायला जायचो तोवर ती निघून गेलेली असायची. झोप यायची नाही आणि उठवतही नव्हतं. आज ह्याला डॉक्टर नाव देतात, गोळी देतात, चांगलं आहे. तेव्हा आमच्याकडे ह्याला एकच नाव होतं, सोंग.

आयने मीठ-मिरच्या ओवाळल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणून ती जास्तच घाबरली. बाने पहिल्यांदा ओरडून बघितलं, मग गप्प राहून बघितलं. वाडीतली पोरं पारावर बसायची, मी गेलो की एकजण म्हणायचा, "आला बघा मुका म्हसोबा." दुसरा म्हणायचा, "ह्याला बायको करून द्या रे. ती बोलंल, हा ऐकंल." ते हसायचे आणि मी पण हसायचा प्रयत्न करायचो, पण गाल हलायचे नाहीत. मग मी पारावर जायचं सोडलं. म्हातारी माणसं घरी यायची, कोण पाला सांगे, कोण अंगारा, कोण म्हणे ह्याला मुंबईला धाडा, दोन लाथा बसल्या की सरळ होतो. जो येई तो मला बरा करायला येई. नुसता बसायला कोणी येत नव्हतं.

भिवा सोडून. भिवाला बहुतेक कळलंच नव्हतं की मी आजारी आहे, किंवा कळलं असेल तर त्याने तसं दाखवलं नाही. तो अंगणातून हाक मारायचा, "धाकू, पिशवी धर चल," आणि मला ओढून न्यायचा. श्रावणात शेताच्या बांधात मुठे सापडतात, काळे खेकडे. बिळात हात घालायचं काम त्याचं, पिशवीचं तोंड धरायचं काम माझं. एवढंच. बोलायची गरज नाही. तो खांद्यापर्यंत हात बिळात घालून पालथा पडायचा आणि बोलत राहायचा. "सापडला. आयला, चावला. हा बघ धाकू, अगदी रावजीबाबासारखा हाय. डोळे भायेर आनि चालतो आडवा." पिशवीत मुठे खडखडायचे आणि ती खडखड मला हातात जाणवायची. दिवसातली तेवढीच गोष्ट मला खरी वाटायची. मग त्याच्याकडे जायचं, काकी मुठे ठेचून त्यांचा रस्सा करायची, माझ्यापुढे ताट ठेवायची आणि स्वतःच्या कामाला लागायची. खाल्लं का, का नाही खाल्लं, बरं वाटतं का, काही नाही. मी दोन घास खायचो. आमच्या घरी तेवढेही जात नव्हते, कारण आमच्या घरी आय माझ्या तोंडाकडे बघत बसायची.

आता कौल लावला त्याचं सांगतो. आमच्याकडे काही अडलं की गावदेवीला कौल लावतात. गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना भिजवलेल्या कळ्या चिकटवतो. प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. प्रश्न विचारतो तो गावकीचा मोठा माणूस, आमच्याकडे रावजीबाबा. ज्याच्यासारखे मुठे दिसतात असं भिवा म्हणायचा तोच. माणूस वाईट नव्हता. देवळात शिरला की त्याचा आवाज बदलायचा आणि तो जे बोलेल ते देवीनेच बोलायला लावलंय असं त्याला स्वतःलाही वाटायचं.

मला पुढे बसवलं होतं. बा, आय, गावकीची चार माणसं, आणि मागे दाराशी जनाकाकी नारळ घेऊन उभी. माझ्यासाठीच आणला होता तिने नारळ. रावजीबाबाने विचारलं, "आई, पोराला भायेरचं काय लागलंय का?" खूप वेळ गेला. डावी कळी पडली. "घरातलं कोणाचं हाय का?" परत डावी. गुरवाने नव्या कळ्या लावल्या. रावजीबाबा जरा थांबला, मग म्हणाला, "मंग जिथं पोराची रोजची येजा हाय, तिथलं हाय का?" देवळात पाण्याचा आवाज सोडून काही नव्हतं. उजवी कळी सुटली आणि खाली आली.

"कुठं येजा हाय पोराची?" रावजीबाबाने बाला विचारलं. बाने मान खाली घातली. सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी आयच बोलली, इतक्या हळू की गुरवाला ऐकू गेलं नाही, तिला परत बोलावं लागलं. "शेजारी." जनाकाकीने हातातला नारळ पायरीवर ठेवला आणि ती निघून गेली.

देवीला दोष देत नाही मी. तिला विचारलंच तसं. मी त्या दिवसांत सगळीकडे जायचं सोडलं होतं, जिथे जात होतो ते एकच घर उरलं होतं, म्हणून तेच सापडलं. दहा घरी जात असतो तर कोणतं घर धरलं असतं त्यांनी? परवा सून सांगत होती, त्यांच्या ओळखीत कोणाच्या मुलीचं असंच झालंय, खोलीतून बाहेर येत नाही, फक्त एका मैत्रिणीशी बोलते. आईबापांनी ते बोलणं बंद केलं, तीच बिघडवते म्हणून. मी सुनेला म्हटलं, त्यांना सांग, सगळं काढा, पण ती मैत्रीण काढू नका. सून म्हणाली, बाबा, तुम्हाला काय माहीत हल्लीच्या मुलांचं. ते पण खरं आहे.

ठरलं असं की दसऱ्यापर्यंत त्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. विस्तव नाही, पाणी नाही, ताक नाही, बोलणं नाही. वाडीतल्या बायकांनीही हळूहळू जनाकाकीकडे जायचं टाळलं, कोणी सांगितलं नव्हतं तरी. एक अंगण होतं त्याच्यात बाने मधोमध काट्या रोवल्या. रोवताना तो बैलांशी पण बोलत नव्हता. सकाळी आय काडी ओढायची तो आवाज मी अंथरुणात ऐकायचो. समोरच्या घरातही काडी ओढल्याचा आवाज यायचा. भिवाला मी कुडाच्या फटीतून बघायचो. तो मुद्दाम जोरात खोकायचा, गुरांना शिव्या द्यायचा. माझ्यासाठी होतं ते, पण मला ओ द्यायला बंदी होती आणि खरं सांगायचं तर मला बंदी बरी वाटली होती. आता कोणाला तोंड दाखवायला नको, पिशवी धरायला नको. त्या आजाराला हेच पाहिजे असतं. माणूस एकटा पाहिजे असतो त्याला.

मग आय-बाने विचार केला की पोराला निवांत ठेवू. भादव्यात वरकसावर, म्हणजे डोंगरउतारावरच्या जमिनीत, नाचणी दाण्यावर येते, तिला वांदरांपासून राखावं लागतं. तिथे राखणीचा माळा बांधायचा आणि दिवसभर धाकूला बसवायचं. कोणाची कटकट नाही, हवा चांगली. बाने माळा बांधला तो फार चांगला बांधला. वाऱ्याची बाजू बघून कुड लावला, बसायला नवा पेंढा घातला, पाय ठेवायला दगड आणून ठेवला. मुंबईची माणसं आता आपल्या पोरांना खोली सजवून देतात तसा. आय सकाळी फडक्यात भाकरी बांधून द्यायची. मला एकट्याला त्या डोंगरावर पाठवताना दोघांच्या तोंडावर समाधान होतं. त्यांनी माझ्यासाठी काहीतरी केलं होतं ना.

शेताच्या खालच्या अंगाला कडा होता. पावसाळ्यात त्याच्या खाली ढग असतात, तळ दिसत नाही, ओढ्याचा आवाज तेवढा वर येतो. पहिले काही दिवस मी माळ्यावर बसलो. मग शेताच्या मध्यावर. मग कड्याजवळच्या कातळावर. काय करायचं असं डोक्यात ठरलेलं नव्हतं. आपण नसलो तर चालेल एवढंच होतं, आणि ते दिवसेंदिवस जास्त चालेल असं वाटत होतं. भाकरी खायची इच्छा नसायची. टाकून द्यायची तर आयची भाकरी, म्हणून मी ती मोडून कातळावर ठेवायचो. वांदरं यायची. आधी लांब बसायची, भाकरी पळवायची. मग जवळ बसायला लागली. मग माझ्या हातची घ्यायला लागली. त्यांना हाकलायला मला ठेवला होता आणि ती माझ्याभोवती बसून आयची भाकरी खायची. खाऊन झाली की जायची नाहीत. काळी तोंडं करून, शेपट्या खाली सोडून, माझ्यासारखीच गप्प बसायची, कधी एखादं उठून माझ्या आणि माळ्याच्या मध्ये येऊन बसायचं. मला त्यांची भीती वाटायची नाही. आता आठवलं की वाटते.

समोरच्या डोंगरावर, मध्ये ओढा टाकून, जनाकाकीची नाचणी. तिथे राखणीला भिवा. आमच्याकडे राखणीची एक रीत आहे. आपल्या शेतातून टोळी हाकलली की समोरच्याला कुकारा द्यायचा, म्हणजे तो सावध होतो. त्याने उलटा कुकारा द्यायचा, म्हणजे कळलं. ज्या घरांत कोर्टकचेरी चाललीय त्यांच्यातही हे चालतं, कारण वांदरांना भांडण कळत नाही. रावजीबाबाने विस्तव, पाणी, बोलणं सगळं बंद केलं, कुकारा त्याच्या ध्यानात आला नाही. भिवाच्या मात्र पहिल्याच दिवशी आला. तो वांदरं असली तरी कुकारा द्यायचा आणि नसली तरी द्यायचा. ढगातून तो आवाज यायचा, लांब, शेवटी वर चढणारा. मी उलटा द्यायचो. दिवसभरात माझ्या गळ्याला तेवढंच काम. दिला नाही तर तो देतच राहायचा, कंटाळून मी देईपर्यंत. पण नंतर नंतर तो एक आवाज काढायलासुद्धा मला आतून ढकलावं लागायचं, चिखलातून पाय काढल्यासारखं.

एक दिवस मी ओ दिली नाही. त्याने परत दिला, परत दिला. मी ऐकत होतो. मला वाटत होतं, आता हा थांबेल, आणि थांबला की बरं होईल. आणि तो थांबला. सगळीकडे गप्प झालं. मी कातळाच्या अगदी टोकाला सरकलो आणि पाय खाली सोडले. वांदरं मागे बसलेली. किती वेळ गेला ते मला ठाऊक नाही.

मग मागे दगड आपटल्याचा आवाज आला आणि वांदरं चारी बाजूंना उधळली. भिवा होता. छातीपर्यंत भिजलेला, गुडघा फुटलेला. त्या दिवसांत तो ओढा ओलांडायची बैलाची पण छाती होत नसे.

"ओ द्यायला काय झालं तुला? माझी नाचनी खाल्ली ना सगळी."

मी म्हटलं, "तू इथं येऊ नको. सांगितलंय ना." बऱ्याच दिवसांनी मी पुरतं वाक्य बोललो होतो.

"मला कुठं सांगितलंय? आयला सांगितलं. मी गुरं बांधत होतो तेवा." असं म्हणत तो चार पावलं पुढे आला आणि त्याने माझे पाय बघितले. तो थांबला. त्याचा आवाज एकदम उतरला. भिवाचा तसा आवाज मी आधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. "धाकू, जरा हिकडं सरक ना. मला थंडी भरलीय. वाऱ्याच्या अंगाला बस माझ्या."

तो खरोखर कापत होता. दात वाजत होते. मी पाय वर घेतले, मागे आलो आणि त्याच्या वाऱ्याच्या बाजूला बसलो. त्याने माझ्या घोंगडीचं एक टोक ओढून घेतलं. बाकी काही विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "तुजी वांदरं माजल्यात. मला बघून दात दाखवतात."

हिला हे सांगितलं तेव्हा आम्ही वाल सोलत बसलो होतो. लग्नाला खूप वर्षं झाली होती. ती सोलायची थांबली नाही. म्हणाली, "आदी सांगायचं ना. गेल्या गनपतीत आले होते भिवाभावजी, मी त्यांना बिनसाखरेचा चहा दिला. साखर संपली होती." मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "बाजारातनं आनायला पायजे होती." आमची ही अशी होती. नंतर कधी मला तसं व्हायला लागलं, आणि ते आयुष्यात तीन-चार वेळा झालं, तर ती काही विचारायची नाही. सुपाची दुसरी बाजू धर म्हणायची.

आम्ही दोघं तसेच बसलो असताना बा वर आला. गवताच्या भाऱ्याला आला होता, खांद्यावर दोर, हातात विळा. भिवा उठून उभा राहिला, मार खायच्या तयारीने. बा त्याच्याकडे बघतच नव्हता. तो कातळाकडे बघत होता. वांदरांनी टाकलेले तुकडे तिथे पडले होते, पावसाने फुगलेले, काहींना बुरशी आलेली. बाने एकेक तुकडा उचलला. "ही कालची," म्हणाला. "ही परवाची." भाकरीच्या कडेला आयच्या बोटांचे ठसे असतात, ते तो बघत होता. शेतातली नाचणी निम्मी ओरबाडलेली होती, तिच्याकडे त्याने मान वळवली नाही.

"खात नव्हतास?"

"नाय."

त्याने कातळाचं टोक बघितलं. तिथलं शेवाळ घसरून निघालं होतं, माझ्या बसण्याने.  मग भिवाला विचारलं, "तू कुठनं आलास?"

"ओढ्यातनं."

"पाण्यातनं?"

"मंग काय उडून येऊ, काका?"

बाने दोर आणि विळा तिथेच टाकला. माझं मनगट धरलं. म्हणाला, "खाली चला." सगळी उतरण तो मनगट धरून होता. घसरलो तरी सोडलं नाही, हात दुखला तरी सोडलं नाही.

तो आमच्या घराकडे वळला नाही. अंगणातल्या काट्या पायाने आडव्या केल्या आणि सरळ जनाकाकीच्या दारात गेला. ऊन पडलं होतं, सगळी वाडी दारात होती. काकी ओटीवर तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, "भावजी, तितंच थांबा. उंबऱ्याला पाय लागला तर बाधा व्हईल तुमच्या घराला."

बा उंबऱ्यावर बसला. उभा नाही राहिला, बसला. मलाही शेजारी बसवलं. म्हणाला, "पानी दे, जना."

"माज्या घरचं?"

"तुज्याच दारात बसलोय ना."

"त्या दिवशी देवळात तुम्ही येक शब्द बोलला नाय."

"नाय बोललो."

"मी नारळ घेऊन आले होते."

"बघितला मी."

समोर आमच्या दारात आय येऊन उभी राहिली होती, तोंडावर पदर. पारावरून कोणीतरी म्हणालं, "काय करतोय हा," आणि कोणीतरी रावजीबाबाला बोलवायला गेलं. काकी उठली. आत गेली. आत ती किती वेळ होती, मला वाटलं ती येणारच नाही. मग तांब्या घेऊन आली. बा सगळ्यांना दिसेल असा तांब्या वर धरून पाणी प्यायला, आणि उरलेलं मला दिलं. काकीने माझ्याकडे बघितलं, बाला म्हणाली, "पोराची हाडं दिसतात," आणि ताकातला भात आणून माझ्यापुढे ठेवला आणि परत पाखडायला बसली. चव नव्हती. मातीच होती ती. पण मी खाल्ली.

रावजीबाबा संध्याकाळच्या आत आला. अंगणाच्या कडेला उभा राहिला, आत आला नाही. रागाने बोलला नाही, म्हणून जास्त वाईट वाटलं. "देवीचा शब्द मोडलात. आता तुमची दोन घरं आनि तुम्ही." एवढं बोलून गेला. त्या साली नवरात्रात आमच्या दोन घरांना देवळात कोणी पुढे होऊ दिलं नाही. विहिरीवर आय गेली की बायका घागरी भरायच्या थांबायच्या. आणि नवरात्र उठायच्या आत आमचं वासरू मेलं. सकाळी चांगलं होतं, दुपारी तोंडाला फेस. सगळी वाडी लांबून बघत होती, कोणी बोललं नाही, बोलायची गरजच नव्हती. बाने खड्डा खणला. मी आणि भिवाने वासराला उचललं. आय खड्ड्याच्या कडेला उभी होती, ती वासराकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. त्या रात्रीपासून ती माझ्या अंथरुणाशी हात टाकून झोपायला लागली. तिने मनात धरलं होतं की पुढचा मी. मला ते कळत होतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. एवढंच की तिचा हात जड होता.

बरा झालो असं मी लिहिणार नाही. भिवा रोज यायचा, मी रोज जायचो, आणि ते काळं माझ्याबरोबर रोज यायचं. फक्त आता ते एकटं नसायचं.

भात पिकलं. आमच्याकडे कापणी एकट्याची नसते, आज सगळे ह्याच्या शेतात, उद्या त्याच्या. त्या साली आमच्याकडे कोणी येणार नव्हतं. बा, आय, काकी, भिवा आणि मी. दोन घरांचं भात आणि पाच विळे. भात उभं राहिलं तर गळून जातं, म्हणून मला कोणी विचारलं नाही बरं वाटतंय का, जमेल का. बाने विळा हातात दिला आणि पात, म्हणजे कापायची ओळ, धरून दिली. वरच्या खाचरांतून बाकीच्या वाडीचा आवाज येत होता, हसणं, हाका, कोणाचं तरी गाणं. आमच्याकडे फक्त विळ्यांची करकर. आय माझ्या बाजूची पात धरून होती, दर थोड्या वेळाने माझ्याकडे बघायची, खड्ड्याच्या कडेला उभी राहून बघत होती तशीच.

दुपार कलली. हात सुजले होते. भिवा पुढे गेला होता आणि त्याला गाठायचं म्हणून मी भराभर मुठी धरत होतो. एक मूठ ओढली आणि विळा दांड्यांतून सुटून खाली आला. काकी मागून म्हणाली, "हळू रे, पायावर घेशील." मी बघितलं. पातं अंगठ्याच्या बाजूला चिखलात रुतलं होतं, अगदी लागून. माझ्या अंगावर काटा आला. कड्यावर पाय सोडून बसलो होतो तेव्हा असं काही झालं नव्हतं. मी पाय मागे घेतला आणि तसाच उभा राहिलो.

"काय झालं?" आय म्हणाली. 

मी म्हटलं, "भ्यालो." आणि विळा पुसून घेतला आणि पुढची मूठ धरली, पाय जपून.